वायगोळा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुमच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. उभं राहिलं की यायचा, आडवं झालं की आत जायचा, आणि त्याला तुम्ही वायगोळा म्हणायचात. वायगोळा वातानं पोटात उठतो, जांघेत नाही, हे दिंद्रुडच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी कुणाला दाखवायला तर हवं होतं. तुम्ही जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधायचात आणि आपल्या धान्याच्या दुकानात हमाल बसलेले असताना ज्वारीची पोती स्वतः पाठीवर घ्यायचात. बाजारात मान ताठ राहिली पाहिजे, बस. माझी नजर तिकडे गेली की डोळे वटारायचात.

त्या सकाळी तो फुगवटा आत जाईना. कडक झालेला, वरची कातडी लालभडक, हात लावला की तुम्ही कळवळताय. गुडघे पोटाशी घेऊन पडलाय आणि आई ओवा नि काळं मीठ घेऊन उभी आहे. दिलेलं सगळं उलटून पडतंय. दुपारपर्यंत पोट फुगलं, वारासुद्धा सरेना. मी म्हणालो, गाडी बोलावतो.

"काहून गोंधळ घालायलास बे? वायगोळा हाय, बसंल."

गावातला दवाखाना पलीकडच्या गल्लीत होता, पण तिथं नवी डॉक्टरीण आली होती. "त्या पोरीपुढं धोतर सोडू का मी?" म्हणालात, आणि आईला हुकूम सोडलात, "तू चोळ." ती गरम फडक्यानं चोळत राहिली. तिची कधी नाही म्हणायची टाप होती?

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलेनासे झालात, तेव्हा कुठं बीडला नेता आलं. आतडं अडकून त्याचं रक्त बंद पडलं होतं, सडलं होतं. "गाठ आत जाईना, उलट्या लागल्या, त्याच घटकेला आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले, "आणि चोळायचं तर मुळीच नव्हतं." हे शेवटचं वाक्य तेवढं गावभर झालं. तुम्ही सुटलात. बायकोनं चोळून चोळून मारला, हे आईनं मरेपर्यंत ऐकलं. तुमची अब्रू राहिली, तिची गेली. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता मलाही तेच झालंय. आज बीडला आलो, डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. मी मुकाट्यानं पायजम्याची नाडी सोडली. तिनं उभं करून खोकायला लावलं, हात लावून बघितलं आणि म्हणाली, "आत जातंय तोवर ठरवून ऑपरेशन करून घ्या काका. मध्येच कडक झालं, दुखायला लागलं, उलटी झाली, तर तडक या. वाट बघू नका." एवढंच होतं ते, अप्पा. तुमच्यापेक्षा मी शहाणा निघालो हे ऐकवायला दवाखान्याच्या बाकावर हे लिहायला बसलो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. घरातून मी नारायणगडाला दर्शनाला चाललो म्हणून निघालोय. बायकोनं डबा बांधून दिला, पोरगा गाडीवर स्टँडपर्यंत सोडून गेला. ऑपरेशनला घरचं कुणीतरी सोबत आणा, असं डॉक्टरीण म्हणाली, तेव्हा मी तिला सांगितलं, मला घरचं कुणी नाही.