नाव घ्यायला लाजले

घणसोली

ताराक्का, तुला नि दाजींना मालनचा नमस्कार. दाजींचं पोट आत गेलं, का अजून म्होरंच चाललंय?

मी बरी हाय. यांच्यापासनं आलेल्या त्या एचआयव्हीच्या गोळ्या रोज घेते.

परवा दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, या आजारानं मेंदूतली रसायनं बदललीत, म्हणून विसरायला होतंय."

मी म्हटलं, "शाळेत पाढे विसरायचे, तवा कुठं होता हा आजार?" हसले बिचारे. पण परत पहिल्यासारखं होईल का इचारलं, तर खाली बघून गोळ्या लिहायला लागले.

मग खिडकीवरच्या पोरीनं पूर्ण नाव इचारलं. मालन म्हटलं आणि पुढं यांचं नावच येईना. ती हसली, "मावशी, अजून नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता?" मी पण पदर तोंडाला लावून लाजले. दुसरं काय करणार? गावातल्या प्रत्येक लग्नात उखाणा घेणारी मी! घरी येऊन आधार कार्डावर यांचं नाव वाचलं, तर परक्या माणसाचं वाटलं गं.

आईचे गुडघे कसे हायेत? तिला यातलं काय सांगू नको.

पाकिटावर तुझं नाव कुणाला न इचारता लिहिलंय. बरोबर हाय का, तेवढं लगेच कळव.

तुझी,
मालन