तिसरा ठोका

४ फेब्रुवारी
चौथा ठोका पडलाच! मालेगावच्या लग्नात नवरीच्या एन्ट्रीला तीन ठोक्यांचा विलायती वाल्ट्ज हवा म्हणे. मोबाइलवर पाठवलाय — ढीगभर व्हायोलिनं, मागे भोंगे. आमच्या बँडच्या लालसिंग मास्तरांनी क्लॅरिनेटवर चाल उचललीसुद्धा. आडवा येतो तो माझा मोठा ड्रम. वरातीत चाराचा ठेका बडवून हात बिघडलाय, तीनवर थांबतच नाही. मास्तर वैतागून म्हणाले, दादराच समज. पण दादरा मांडी घालून बसतो. हा बसतच नाही!
तालीम घराशेजारच्या समाजमंदिरात. बायकोला, हेमलाला, घरात सगळं ऐकू जातं, चुकासुद्धा.

७ फेब्रुवारी
किन्हीराजाच्या वरातीहून येताना वाल्ट्ज कानात लावून ऐकला. पहिला ठोका जड, जमिनीवर. मग दोन हलके. दुसरा जरा लवकरच येतो. तिसरा अधांतरी राहतो — आता पडणार असं वाटतं, तोच पहिला येऊन झेलतो. सगळी व्हायोलिनं गरगर फिरतात. वरून आनंदाचं आहे. मला मात्र रडू आलं. का, ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी
कळलं! हेमला अंगणातून येत होती. उसाच्या ट्रॉलीवरून पडली तेव्हापासून तिचा डावा पाय ओढतो. चांगला पाय — धप्प. काठी — टक. ओढता पाय — सर्र. तेच! तालमीत तसंच वाजवलं, चौथा ठोका आपोआप गेला. मास्तरांनी विचारलं, कुठं शिकला? मी आनंदाच्या भरात सगळ्यांसमोर सांगून बसलो.

१० फेब्रुवारी
माझ्या जिभेला हाड नाही. ट्रम्पेटवाल्या राजूने गावभर केलं. हापशीवर बाया हेमलाला हसल्या, तुझ्या लंगडण्यावर बँड वाजतो म्हणे.
घरी येऊन ती एवढंच बोलली, "माह्यं लंगडणं लोकायले नाचाले देलं तुमी."
काठीच्या टोकाला तिने चिंधी बांधलीय. आवाज येऊ नये म्हणून.

११ फेब्रुवारी
घर मुकं झालंय.

१३ फेब्रुवारी
आज तिच्यासमोर बसलोच. ती तूर निवडत होती. वर पाहिलं नाही. मला नीट बोलता येत नाही, तरी बोललो.
"लंगडणं नाही वाजवत मी. तुह्यं पडता पडता सावरनं वाजवून राह्यलो."
ती निवडतच राहिली. नको असेल तर सांग, म्हटलं, मास्तरांना नाही म्हणून कळवतो. ती तूर उचलून आत गेली. तालमीलाही गेलो नाही मग. तिच्या मनाविरुद्ध तो वाजवायचा नाही, दुसरा कुणी उचलेल ड्रम. फार चुकलो. तिचं होतं ते, मी न विचारता वाटून टाकलं.

१६ फेब्रुवारी, लग्नाचा दिवस
सकाळी चूल पेटवायला गेलो. राखेत चिंधीचं जळकं टोक.
मागून आलं — धप्प. टक. सर्र.
"तिसऱ्यावर घाई करता तुमी," हेमला म्हणाली.