गाळलेला ठिपका

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती ऐकते कुणाचं? तू शाळेत शिकवायला लागलीस आणि रमलीस असं ती सांगते. ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

लॅबमध्ये सगळं तसंच. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. शुक्रवारी जुना फ्रीझर रिकामा करणार आहेत, आणि तुझ्या सहा वर्षांच्या नमुन्यांच्या नळ्या त्यातच आहेत. म्हणून हे पत्र. नाहीतर मी आणखी दोन वर्षं मिठाची गुळणी धरून बसले असते.

मीटिंगमधलं ते चित्र आठवतं ना? पेशीतल्या प्रथिनांचं जाळं, मी सॉफ्टवेअरवर काढलेलं. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक ठिपका, आणि दोघांचं एकमेकांशी काम पडत असेल तर मध्ये रेघ. तू भिंतीवर तुझ्या प्रथिनाचा ठिपका शोधत होतीस. तो नव्हताच. सर म्हणाले, "याचं कुणाशी नातंच नाही, मग यावरचं काम चालू कशाला ठेवायचं?" तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हिने काढलंय ना, मग बरोबरच असणार." महिन्याभरात तू राजीनामा दिलास.

ताई, तो ठिपका होता. चित्राचा नुसता गुंता झाला होता, म्हणून मी सॉफ्टवेअरमधली खात्रीची पट्टी वर सरकवली. तसं केलं की कमी पुराव्याच्या रेघा लपतात, आणि एकही रेघ न उरलेले ठिपकेसुद्धा. तुझ्या प्रथिनावर तुझ्याशिवाय कुणी काम केलेलंच नव्हतं, मग पुरावा येणार कुठून? पट्टी खाली आणायची विसरले. सर डोक्यावर बसले होते, घाई होती.

हे अर्धंच झालं. चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली. पट्टी खाली ओढली आणि तुझा ठिपका अकरा रेघांसकट समोर आला. तू शेजारच्या खोलीत होतीस. उठून चार पावलं टाकायची होती. पण त्याच सकाळी सरांनी सगळ्यांसमोर माझ्या चित्राचं कौतुक केलं होतं. तोवर मी तिथे फक्त 'ताईंची बहीण' होते. तूच मला तिथे नोकरीला चिकटवलंस, आणि मला त्याचाच राग होता. मी फाइल बंद केली.

आज सरांना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी तुझ्या ठिपक्याच्या रेघा मोजल्या. मग म्हणाले, "नळ्या ठेवायच्या तर तुझ्या ताईंचीच सही लागेल." फॉर्म सोबत आहे. सही करून फोटो सरांनाच पाठव, मला नको. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. तू त्याची काळजी करत बसशील, ती करू नकोस.

'माफ कर' असं दोनदा लिहून खोडलं. मागितली की तू देतेस, लहानपणापासून देत आलीस. या वेळी देऊ नकोस. आधी सही कर.

सगळं माहीत असून गप्प बसलेली,
तुझी धाकटी