दादाचा तिसरा रिपोर्ट

२ नोव्हेंबर, रविवार

१. दादाने गुरुवारी दारू एकदम बंद केली. डॉक्टरला विचारलं नाही, आम्हालाही नाही.
२. काल, शनिवारी, पुलगावच्या त्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात त्याला फीट आली. जीभ चावली गेली.
३. दवाखान्यात व्यसन विचारलं. आई म्हणाली, "नाई जी. आपल्या जिल्ह्यात तं दारूबंदी हाये."
४. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: रोज, बरीच वर्षं, पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात. घरात आम्ही "पुलापलीकडे गेला" एवढंच म्हणतो. (यापुढे पु.प.)
५. भरती केलं. इतक्या पिण्यानंतर अशी अचानक सोडली तर जीव जाऊ शकतो, म्हणाले.
६. वहिनी दसऱ्यापासून लेकीला, चिऊला, घेऊन सेलूला, माहेरी. फोन केला. "बरं," एवढंच म्हणाली.

बाहेर आल्यावर आई मला: "एवढी शिकली ते काय घरचं चव्हाट्यावर मांडाले?"
 रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिथून उद्याची सुट्टी घेतली. कारण: घरगुती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घाम, ताप, नाडी जोरात. त्याला चादरीवर मुंग्या दिसतात. "रेणू, झाड ना वो त्या." मुंग्या नाहीत असं दोनदा सांगितलं. मग चादर झाडली. नीट, चारी कोपरे. तेव्हा झोपला.

नर्स पाहत होती. 

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी आणलं, नाचणगावला. गोळ्या: जीवनसत्त्वं, बाकी काही नाही. पाय जळतात म्हणतो, तळव्यांना फडकं ओलं करून बांधतो. झोप तुकड्यातुकड्यांत. गूळ खात सुटला आहे, डबा संपवला. दारू गेली की शरीर साखर मागतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आईला वाटतं, लहानपणीचा दादा परत आला.

मी सिंदी मेघेच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परत. लॅबचं काम तुंबलं आहे. कंटाळा नाही, थकवा. वेगळ्या गोष्टी आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

वहिनीचा फोन. "ताई, त्यांच्या शपथा मी लय ऐकल्या. तुमच्या मशीनवर भरोसा हाये माहा. तीन रिपोर्ट लागोपाठ उतरत येऊ द्या, मी येतो."

पहिला दवाखान्यातला. त्यात वाईटच असणार, तो सुरुवातीचा धरायचा. तिथून पुढचे दोन खाली येत गेले की चांगले. ठरलं.

मला हे सोपं वाटलं. आकडा पाहायचा आणि कळवायचा.

३० नोव्हेंबर, रविवार

दुसरा रिपोर्ट. जीजीटी, यकृताचा आकडा, निम्म्यावर. लाल पेशी अजून फुगलेल्या, त्या सावकाश येतील. वहिनीला कळवलं. "हं," म्हणाली, पण फोन लगेच ठेवला नाही. मागे चिऊ कविता पाठ करत होती.

दुपारी दादाबरोबर दुकानात. चेहऱ्याची सूज उतरली आहे, गालाची हाडं दिसतात. जळलेल्या मोटरीत नव्या तारेची कॉइल भरायला बसला. बारीक तार, हात थरथरतो, तार तुटली. पुन्हा. पुन्हा तुटली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आत आले तर वार्निशचा डबा हुंगत होता. "एवढा वास मारते का हे? गिऱ्हाईक कसे बसत होते वो इथं?"
"तुझ्या वासापुढे त्यांना वार्निशचा येत नसेल."
हसला. बऱ्याच दिवसांनी.

१४ डिसेंबर, रविवार

चण्याला पाणी द्यायचे दिवस, शेतातल्या मोटरी जळून येत आहेत. एक पूर्ण बांधली त्याने. पायांची जळजळ कमी. पण जेवण कमी झालं, मळमळते म्हणतो. डोळे थकलेले. आई त्याचं ताट आतूनच वाढून आणते, वर तूप. कौतुक चाललं आहे, चालू दे.

वहिनीचा भाऊ संक्रांतीनंतर बैठक बोलावणार असं कानावर आलं. म्हणजे सोडचिठ्ठीचंच बोलणं.

रक्त घेऊन निघाले. तिसरं.

१५ डिसेंबर, सोमवार

वाढलं आहे. जीजीटी वर, एसजीपीटी, यकृताचाच दुसरा आकडा, त्याहून वर. नमुना पुन्हा लावला. तेच.

२१ डिसेंबर, रविवार

विचारलं. "पु.प. गेला होतास?"
"नाई गेलतो."
"रिपोर्ट वाढला आहे."
"मंग रिपोर्टलेच इचार कुठं गेलता तो."
उठून गेला. 

संध्याकाळी वहिनीने फोन करून विचारलं. मी आकडा सांगितला. खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. तिने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मग: "तुम्ही खरं सांगितलं ताई. उपकार झाले."

उपकार हा शब्द आवडला नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. हे त्याच दिवशी करायला हवं होतं. दारूने बिघडलेल्या यकृतात एसजीओटी जास्त असतं, एसजीपीटी कमी. पहिल्या दोन्हींत तसंच. तिसऱ्यात उलट. शिवाय फुगलेल्या लाल पेशी बारीक होतच चालल्या आहेत. रोज पिणाऱ्याच्या होत नाहीत. हे दारूसारखं दिसत नाही. औषधासारखं दिसतं.

दादाला फोन केला. काय काय घेतोस? "त्याच तुह्या गोळ्या," म्हणाला आणि ठेवला.

मग कोणतं औषध?

२८ डिसेंबर, रविवार

दादा तांब्याची तार आणायला गेला होता. ती पु.प. मिळते. काऊन आजच, कशाले, असं आई दोनदा पुटपुटली.

भूक लागली होती. ओट्यावर झाकलेलं ताट उचललं, घास घेतला. वांग्याची भाजी, कडू. आई धावत आली, ताट हातातून ओढलं. "ते नको खाऊ! ते त्याचं हाये!"

दारू सोडवायची पुडी. बाजाराच्या दिवशी एक माणूस विकतो. डिसेंबर लागल्यापासून रोज, दोन्ही वेळा, भाजीत.

"पण आई, त्याने सोडली आहे."
"सोडली तं पक्की सुटाव म्हणून. सांगून दिली तं गुण नाई येत म्हणे."
"त्याच्या यकृताला..."
"तुह्या बापाले दिली असती तं तो असता आज. तवा मले कोणी सांगतलं नाई."

 पुडी पिशवीत घातली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच बंद, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

"त्याले सांगू नको," आई.

दिवेलागणीला दादा आला. खांद्यावर तारेचं बंडल. आईने दारातच त्याच्या शर्टाजवळ नाक नेलं. मी खाली पाहिलं. मग सांगितलं, तिच्यासमोर. रिपोर्टचंही. माझं चुकलं, हेही.

त्याने बंडल खाली ठेवलं, त्यावरची धूळ पुसली. "म्हणजे दारू सोडून दारूची पुडी खाऊन राह्यलो मी."
आई रडायला लागली.
"रडू नको वो माय. भाजी कडू होऊन राह्यली, मले वाटे माही जीभ अजून आली नाई ठिकाणावर."

उठला, पातेल्यातली भाजी स्वतः वाढून घेतली. आईचं वाढणं त्या दिवशी घेतलं नाही.

बंडल नवीन होतं, सील न फोडलेलं, म्हणजे तार तरी खरंच आणली होती. एवढंच मी तपासलं. बाकी विचारलं नाही.

४ जानेवारी, रविवार

मळमळ थांबली. आज भाकरी मागून खाल्ली. आठवड्यात दोन मोटरी बांधल्या, हात जवळजवळ स्थिर. आईशी तुटक बोलतो. पुन्हा सेलूला फोन लावला, वहिनी उचलत नाही. म्हणून मेसेज. पाठवला तो असा:

"वहिनी, तिसरा रिपोर्ट दारूमुळे वाढला असं मानायला आधार नाही. आई त्याला न सांगता जेवणातून एक पुडी देत होती. आता बंद आहे. यकृत का बिघडलं हे त्या आकड्यावरून कळत नाही, हे मी तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढची तपासणी अठरा तारखेनंतर, म्हणजे तुमच्या बैठकीनंतर. तो पुन्हा कधीच पिणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. सध्या पीत नाही असं मला वाटतं. हे माझं मत आहे, रिपोर्ट नाही. बैठकीच्या आधी एकदा दुकानात येऊन त्याला काम करताना पाहा. चिऊला आणा. तुम्ही येणार की नाही, ते शनिवारपर्यंत, १० तारखेपर्यंत कळवा. — रेणू"