जुन्या रॅमची चाल

गोंडपिपरी, २८ नोव्हेंबर २००४, संध्याकाळ

दिवाळीत सोनूने सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडून दिला आणि ती पुण्याला नोकरीवर परतली. माझी एकुलती एक पोर. घर खायला उठतं. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर रॅमचा वेग ४०० यायला हवा, येतो २६६. रोज तेच २६६. त्या निमित्ताने तिचा रोज फोन येतो, हेही खरंच.

काल म्हणाली, "बाबा, जुन्या कॉम्प्युटरची रॅम त्यात लावली का जी? मग नवीही तिच्याच चालीनं चालन. काढून पाहा."

लावली होती. जास्त रॅम बरी म्हणून.

आज ती काढली आणि लगेच ४०० आलं. आनंद झाला, मग मनात आलं, आता ती रोज कशाला फोन करेल?

इतक्यात फोनची घंटी वाजलीच. "झालं का जी, बाबा?"

"नाई झालं बाई. उद्या पुन्हा सांगशीन?"

का खोटं बोललो मी?

ती म्हणाली, "सांगीन न. पण झालं असन तरी मी फोन करीनच, बाबा."