सेल्वमच्या नावापुढचं शून्य

तंजावर. मंगळवार, १४ तारीख.

फुटबॉल क्लबवाल्यांचा कागद आलाय. ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, मी सुचवलेली पोरं किती यशस्वी झाली, ते भरून द्या म्हणे. सामने किती, मिनिटं किती. सेल्वमपुढं शून्य. गोलकीपर. चार वर्षं राखीव बाकावर बसवला, मग सोडून दिला. खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी हातात होती त्याच्या, ती मीच नाकारायला लावली.

शून्य लिहायचं, एवढंच ना? पण लिहवेना. तडक त्याच्या घरी, पापनाशमला गेलो. तो भाताच्या गिरणीत कामावर. आई घरी होती. सरळ विचारलं, "अम्मा, पोराचं वाटोळं केलं का मी?"

"असं काय बोलता सार! सगळ्या मॅची शेवटपर्यंत बघितल्या मी. कॅमेरा बाकाकडे वळला की दिसायचा तो."

बाकाकडे कॅमेरा वळतो कितीदा? कागदात त्याला रकाना नाही.

कॉफी देताना म्हणाली, "धाकटीपण कीपरच आहे. तिचं नाव सांगा ना कुठं." पोरगी दारात येऊन उभी राहिली.

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर गेली तिच्या हातांवर. लांब आहेत. चांगले लांब आहेत.