भिंतीपलीकडून 'हजर' म्हणणाऱ्या मुलीचे नाव हजेरीत घेण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, दौंड, जि. पुणे

विषय : कु. जस्मिन (वय ११, तीव्र बौद्धिक अक्षमता) हिला वर्गात बसू देण्याबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांचा तोंडी निरोप, "सकाळी खिडकी लावून घेत जा."

महोदय,

१. अर्जदार कुरकुंभला कंपनीत पाळीने काम करतो. त्याचे घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. त्याची मुलगी जस्मिन हिचे नाव चौथीच्या पटावर आहे, पण शेरा 'गृहाधारित शिक्षण' असल्याने ते हजेरीत घेत नाहीत. तिला एकच शब्द येतो, 'हजर'. अर्जदाराची पत्नी प्रभुवासी एलिझाबेथ हिने तिला रोज हजेरीच्या वेळी खिडकीत बसवून तो दोन वर्षांत शिकवला. एलिझाबेथ गेल्या गळीत हंगामात वारली.

२. आता मुलगी कोणाचेही नाव ऐकले की 'हजर' म्हणते, आणि मोठ्याने म्हणते. वर्गाच्या बाई मान खाली घालून हजेरी मांडतात. त्यामुळे चौथीतली अपेक्षा आठ दिवस मामाकडे पाटसला असून हजर राहिली. इंद्रजीतला कांजिण्या आल्या, तोही हजर. खिचडी उरू लागली तेव्हा स्वयंपाकाच्या मालनबाईंनी डोकी मोजली व चोरी उघडी पडली. चोरी कोणाची, हे अजून ठरलेले नाही.

३. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी वर्षभरात वारलेल्या सहा जणांची नावे वाचली. जस्मिनने सहाही जणांना हजर केले, त्यात तिची आईही आली. मंडळी हसली. अर्जदारही हसला, व त्याला थांबता येईना म्हणून बाहेर न्यावे लागले. याचा शाळेशी संबंध नाही, तरी नमूद केले.

४. मुख्याध्यापक म्हणाले, "येशुदास, पोरगी सगळ्या गावाला हजर म्हणती आन् सोताच्या नावाला गप. वर्गात घिऊन करायचं काय?" तिथेच तिचे नाव पुकारून परीक्षा झाली व ते खरे निघाले. अर्जदार म्हणाला, "सर, तिचं नाव हजेरीत कवा घेतलंच न्हाई, तर तिला कळावं कसं?" सरांनी हजेरीपट मिटला. निरोप मात्र कायम आहे.

५. शाळेत येणे हा तिचा कायद्याने हक्क आहे, असे घरी येणाऱ्या विशेष शिक्षिकेने सांगितले. तरी तिला वर्गात बसू द्यावे व हजेरीत तिचे नाव रोज पुकारावे. उत्तर आले नाही तर बाईंनी थोडे थांबून पुन्हा पुकारावे. तोवर गैरहजर लिहू नये. ती समोरच बसलेली असेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
येशुदास स्टीफन वाघचौरे
जुनी मिशन वस्ती, ता. दौंड
दि. १४ जुलै २०२५

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत